कारभारी कोणाच्या मताचा?

ग्रामपंचायतीची मतमोजणी असली की मुळशी तालुक्यातल्या पौडला सकाळपासून पिरंगुट, घोटावडे, कोळवण, मुठा खोऱ्यातल्या गाड्या लागतात. निकाल बाहेर येईल तसा गुलाल उधळतो. अलीकडे मात्र एकाच गावाचे दोन गट एकाच वेळी गुलालात माखावेत, अशी सोय कायद्यानेच करून ठेवली आहे : सरपंच एका पॅनेलचा आणि बॉडी दुसऱ्या पॅनेलची. मतदार तोच, केंद्रही तेच. एक मत त्याने सरपंचाला दिलेलं असतं आणि बाकीची आपल्या प्रभागातल्या दोन किंवा तीन सदस्यांना. सरपंच साऱ्या गावाने निवडलेला, सदस्य आपापल्या आळी-वाडीने. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही बाजू सांगू लागतात की गाव आमच्या पाठीशी आहे, आणि गंमत अशी की दोघांचंही खरं असतं.

सरपंच थेट जनतेतून निवडायचं महाराष्ट्रात २०१७ साली ठरलं. सरकार बदललं, २०२० मध्ये ते रद्द झालं आणि सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडायची जुनी रीत परत आली. पुन्हा सरकार बदललं, २०२२ मध्ये थेट सरपंच पुन्हा आला. नगराध्यक्षाच्या खुर्चीचंही असंच मागे-पुढे झालेलं आहे. प्रत्येक वेळी लोकशाही बळकट करण्याचंच कारण दिलं गेलं. ज्याला जी पद्धत सोयीची, ती त्याच्या लेखी जास्त लोकशाहीची, एवढाच त्यातला सरळ अर्थ.

गावच्या पातळीवर हा खेळ निदान उघड्यावर चालतो. राज्याच्या पातळीवर तोच प्रश्न कधीच मतदाराच्या हाती दिला गेला नाही. राज्याचा कारभार ज्याच्या हाती जाणार, त्याला लोकांनी थेट निवडायचं की लोकांनी निवडलेल्यांनी निवडायचं? की दिल्लीने पाठवायचं? हे पुस्तक त्या प्रश्नाचा माग काढतं, आणि त्याचा मुक्काम बहुतेक वेळ जुन्या मुंबई राज्यात आहे. तिथे १९३७ ते १९५७ या वीस वर्षांत कारभारी ठरवण्याच्या जवळजवळ सगळ्या पद्धती वापरून झाल्या. थेट निवड तेवढी राहिली.

ती एक पद्धत ज्यांनी मनापासून वापरली, त्यांच्यापासून सुरुवात करणं बरं. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी १७७६ साली इंग्लंडच्या राजाशी नातं तोडलं, तेव्हा राजाने नेमलेल्या गव्हर्नरांचा त्यांना वीट आलेला होता. त्यामुळे नव्या राज्यघटना लिहिताना बहुतेकांनी गव्हर्नर ठेवला, पण त्याचे पंख छाटून. व्हर्जिनियाने पॅट्रिक हेन्रीला पहिला गव्हर्नर केलं ते विधिमंडळाच्या मताने, आणि ती पद्धत तिथे पुढे तीन पिढ्या चालली. पेनसिल्व्हेनियाने तर काही वर्षं गव्हर्नरच ठेवला नाही. न्यू यॉर्क आणि न्यू इंग्लंडकडच्या राज्यांनी मात्र गव्हर्नर थेट मतदारांकडून निवडून घ्यायचं ठरवलं. तिकडचा गव्हर्नर राजभवनातला पाहुणा नव्हे. तो राज्याचा खरा कारभारी, आपल्याकडे मुख्यमंत्र्याचं जे वजन ते तिकडे त्याचं.

अर्थात ‘थेट’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. न्यू यॉर्कमध्ये गव्हर्नरला मत द्यायचं तर शंभर पौंड किमतीची स्वतःच्या मालकीची जमीन लागे. विधानसभेच्या सदस्याला मत द्यायला त्याहून पुष्कळ कमी मालमत्ता पुरत असे. राज्याचा धनी निवडायचा म्हणजे मतदारही मातब्बर हवा, असं ते गणित होतं.

आणि तरीही त्या मूठभर मतदारांचं मतसुद्धा नीट मोजलं गेलं नाही, ही १७९२ची गोष्ट. जॉर्ज क्लिंटन १७७७ पासून न्यू यॉर्कचे गव्हर्नर होते. त्यांच्यासमोर उभे राहिले जॉन जे, त्या वेळी देशाचे सरन्यायाधीश. एप्रिलमध्ये मतदान झालं. प्रत्येक परगण्याच्या शेरीफने पेटी राज्याच्या सचिवाकडे पोचवायची आणि विधिमंडळाने नेमलेल्या समितीने ती उघडून मोजायची, असा नियम. ओट्सेगो परगण्यातून आलेल्या पेटीत जे यांची भरभक्कम आघाडी असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथला मातब्बर जमीनदार विल्यम कूपर त्यांच्या बाजूचा होता. पण तिथल्या जुन्या शेरीफची मुदत फेब्रुवारीतच संपलेली आणि नव्याने अजून सूत्रं हाती घेतलेली नव्हती. पेटी पाठवली जुन्यानेच. टायोगाची पेटी घेऊन निघालेला माणूस वाटेत आजारी पडला आणि त्याने ती दुसऱ्याच्या हवाली केली. क्लिंटन परगणा, गव्हर्नरच्याच नावाचा, तिथून आलेल्या माणसाकडे लेखी अधिकारपत्र नव्हतं. समितीत क्लिंटनवाल्यांचं बहुमत होतं. सात विरुद्ध चार मतांनी तिन्ही पेट्या बाद ठरल्या. उरलेल्या मतांत क्लिंटन ८,४४० आणि जे ८,३३२. फरक १०८. मतपत्रिका नंतर जाळून टाकण्यात आल्या.

एकाही मतदाराने खोटं मत टाकलेलं नव्हतं. पेटी कोणी वाहून आणली एवढाच आक्षेप. कायद्याचं मत मागितलं गेलं तेव्हा ॲरन बर क्लिंटनच्या बाजूने बोलले आणि रूफस किंग जे यांच्या. दोघेही न्यू यॉर्कचे सिनेटर, दोघेही नामांकित वकील. गावोगावी सभा झाल्या, क्लिंटनना बळकावू गव्हर्नर म्हटलं गेलं. जे यांनी आपल्या माणसांना आवरलं आणि तीन वर्षं थांबले. १७९५ मध्ये ते इंग्लंडशी तह करायला देशाबाहेर गेलेले असताना त्यांच्या माघारीच मतदारांनी त्यांना गव्हर्नर निवडून टाकलं.

थेट निवडणुकीची खरी ताकद मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये दिसते. १८१२ च्या फेब्रुवारीत तिथले गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी एका कायद्यावर सही केली. राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ त्यांच्या पक्षाने असे काही वेडेवाकडे कापले होते की एकाचा आकार सरड्यासारखा दिसू लागला. वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नखं काढून गेरींचं नाव त्याला कायमचं चिकटवलं. एप्रिलमध्ये निवडणूक झाली. सिनेटसाठी गेरींच्या पक्षाला विरोधकांपेक्षा कमी मतं पडली, पण चाळीसपैकी २९ जागा त्यांच्या. गव्हर्नर म्हणून मात्र गेरी स्वतः पडले, केलेब स्ट्राँग निवडून आले. मतदारसंघ कातरता येतात; सारं राज्यच एक मतदारसंघ असेल तर कात्री कुठे लावणार?

पौडच्या गुलालाचं कोडं इथेच उलगडतं. प्रभागाच्या हद्दी एखाद्या पॅनेलच्या पथ्यावर पडू शकतात. सरपंचाला सारं गाव पार करावं लागतं. ज्या गावात जुनी वस्ती आणि नव्या सोसायट्या शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या आहेत, तिथे ही गोष्ट कोणालाही बोट ठेवून दाखवता येईल. हिंजवडी, माण, भूगाव, भुकूमचा नकाशा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किती बदलला हे तालुक्याला सांगायला नको. मुळशीकरांना मतदारसंघाच्या फेररचनेची वेगळी ओळखही करून द्यायला नको : मुळशी नावाचा विधानसभा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत इतिहासजमा झाला आणि तालुका भोरला जोडला गेला.

आता घरचा इतिहास. या तालुक्याला नेमलेल्या गव्हर्नरचा अनुभव फार जवळून आलेला आहे. निळा आणि मुळा यांच्या संगमावर धरण बांधून टाटांनी वीज करायची, ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, आणि त्यासाठी पन्नासवर गावांची जमीन सरकारने भूसंपादनाच्या कायद्याने काढून द्यायची, असा बेत झाला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना सेनापती ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते जॉर्ज लॉइड, लंडनहून नेमलेले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० साली, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांप्रमाणे मुंबईच्या कायदे कौन्सिलची निवडणूक झालेली होती, हे सहसा कोणी आठवत नाही. ग्रामीण भागात मत देण्यासाठी साधारणपणे वर्षाला निदान ३२ रुपये शेतसारा भरणारा खातेदार असावं लागे. मावळातल्या भातखाचरांच्या तुकड्यांवर तेवढा सारा भरणारा विरळाच. बरं, ज्याला मत होतं त्याचाही फार उपयोग नव्हता. महसूल हे खातं राखीव, गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाच्या ताब्यात. निवडून आलेल्या मंत्र्यांनी तिकडे फिरकायचं नाही. म्हणजे ज्या खात्याच्या सहीने जमीन जाणार, त्या खात्याच्या धन्यापर्यंत मतपेटीची वाटच पोचत नव्हती. पुण्यातल्या ज्या सावकारांकडे मुळशीची शेतं गहाण होती, त्यांना रोख मोबदल्यात रस होता. लढा १९२४ मध्ये संपला. बापटांनी शेवटी रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. धरण झालं, भिऱ्याच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली. शंभर पौंडांची जमीन आणि ३२ रुपयांचा सारा, यांत दीड शतकाचं आणि दोन खंडांचं अंतर आहे. मताच्या दारावरची पाटी मात्र एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटते.

१९३५ च्या कायद्याने ही पाटी थोडी खाली आली. सारा आठ रुपयांवर उतरला आणि मुंबई विधानसभेच्या १७५ जागांसाठी १९३७ च्या सुरुवातीला निवडणूक झाली. काँग्रेसला ८६ जागा, म्हणजे बहुमताला दोन कमी, पण बाकीचे पांगलेले. गव्हर्नरच्या खास अधिकारांविषयी हमी मिळेपर्यंत काँग्रेस सत्ता घेईना. मग गव्हर्नर ब्रेबॉर्न यांनी साताऱ्याचे धनजीशा कूपर यांना पंतप्रधान नेमलं. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. विधानसभेत हात वर करायला पुरेशी माणसं नसलेलं हे मंत्रिमंडळ १ एप्रिलला आलं आणि जुलैत गेलं. राज्याचा पहिला कारभारी असा नुसत्या नेमणुकीचा.

दुसरा आला आमदारांच्या निवडीने, आणि तिथेही भांडण झालं. मुंबईतले काँग्रेसचे वजनदार पुढारी खुर्शेद नरिमन यांना नेतेपद आपलंच वाटत होतं. मार्चमध्ये काँग्रेसच्या आमदारांनी निवडलं ते बाळ गंगाधर खेर यांना. रत्नागिरीत जन्मलेले, मुंबईत सॉलिसिटर म्हणून नाव कमावलेले, सौम्य स्वभावाचे खेर. नरिमन म्हणाले, वल्लभभाईंनी पडद्यामागून सूत्रं हलवली. प्रकरण गांधीजी आणि कायदेपंडित बहादूरजी यांच्यापुढे चौकशीला गेलं आणि निकाल नरिमनांच्या विरुद्ध लागला. वल्लभभाईंनी नरिमनांवर अन्याय केला की नाही, यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. या पुस्तकापुरता मुद्दा वेगळा आहे. मुंबई शहरात नरिमनांचं नाव मोठं होतं, पण शहराला विचारण्याची सोयच पद्धतीत नव्हती. विचारायचं ते आमदारांना, आणि आमदार पक्षाकडे बघणार. ही रीत तेव्हा पडली ती आजतागायत.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मात्र एक विलक्षण गोष्ट घडली, आणि ती शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. जुलै १९४७ मध्ये सरदार पटेलांनी प्रांतांच्या घटनेचा आराखडा संविधान सभेपुढे ठेवला, त्यात प्रांताचा गव्हर्नर प्रौढ मतदानाने थेट लोकांनी निवडावा, असं कलम होतं. सभेने ते मान्य केलं. ते तसंच राहिलं असतं, तर मुंबई, पुणे, अहमदाबाद, धारवाडच्या मतदारांनी आमदाराबरोबर गव्हर्नरलाही मत दिलं असतं, न्यू यॉर्कसारखंच, फक्त जमिनीची अट नसती.

दोन वर्षांत सगळं फिरलं. फाळणी, दंगली, गांधीजींचा खून, संस्थानांचं विलीनीकरण. केंद्र सैल पडलं तर देश फुटेल ही धास्ती खरी होती. १९४८ च्या मसुद्यात दोन पर्याय शेजारी-शेजारी छापले गेले : थेट निवडणूक, किंवा विधिमंडळाने चार नावं सुचवायची आणि राष्ट्रपतींनी एक निवडायचं. ३० आणि ३१ मे १९४९ च्या चर्चेत दोन्ही बाजूला पडले आणि ब्रजेश्वर प्रसादांची तिसरीच दुरुस्ती मंजूर झाली, राष्ट्रपतींनी नेमणूक करण्याची. नेहरूंनी तिला पाठिंबा दिला. निवडून आलेल्या गव्हर्नरमुळे प्रांतीय भावना चेतवल्या जातील, त्यापेक्षा राजकारणात फार न गुंतलेली, थोर, तटस्थ माणसं नेमावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉ. आंबेडकरांचा मुद्दा जास्त रोखठोक होता : ज्याला स्वतःच्या बुद्धीने फारसं काही करायचंच नाही, त्याच्यासाठी एवढ्या मोठ्या निवडणुकीचा खर्च आणि खटाटोप कशाला? शिवाय लाखो मतांनी आलेला गव्हर्नर आणि बहुमताने आलेला मुख्यमंत्री, एका म्यानात दोन तलवारी राहायच्या कशा?

हा युक्तिवाद बिनतोड आहे, निदान कागदावर. गव्हर्नर शोभेचा राहिला असता तर. तटस्थ आणि राजकारणात न गुंतलेली माणसं राजभवनात किती आली, हे वाचकाने स्वतःच मोजावं. जून २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना बहुमत सिद्ध करायला सांगितलं, ते समर्थनीय नव्हतं असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ ला म्हटलं. तोवर सरकार जाऊन दुसरं आलं होतं. थेट निवड टाळून भांडण टळलं नाही. ते फक्त मतदाराच्या नजरेआड गेलं.

मग १९५२. प्रजासत्ताकाची पहिली निवडणूक, आणि या पुस्तकाचा गाभा. मुंबई राज्य तेव्हा गुजरातपासून कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांपर्यंत पसरलेलं. विधानसभेच्या जागा ३१५. शेतसाऱ्याची अट गेली; एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. मुळशीच्या धरणात ज्यांची खाचरं गेली होती, ते आणि त्यांची पोरं आता मतदार झाली.

मतदानाची रीत आजच्या माणसाला परकी वाटेल. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी. बोटाला शाई लावून हातात कोरी मतपत्रिका मिळायची, तिच्यावर काही खूण करायची नाही. आडोशाला गेलं की पेट्यांची रांग. एकीवर बैलजोडी, एकीवर झाड, एकीवर हत्ती. ज्या चित्राला मत द्यायचं, त्या पेटीत कागद टाकून बाहेर यायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या मतदाराचा विचार करून ही पद्धत काढली होती, आणि त्या पेट्यांचा मोठा हिस्सा विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडलेला होता. न्यू यॉर्कच्या तीन पेट्यांचा किस्सा ज्याला ठाऊक आहे, त्याला लाखो पेट्यांचा हा पसारा बिनबोभाट पार पडल्याचं मोल कळेल. ते श्रेय निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचं आणि ज्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत अशा तलाठी, शिक्षक आणि कारकुनांचं.

काँग्रेसने मुंबई राज्यात २६९ जागा जिंकल्या. खेर निवृत्त होऊन पुढे लंडनला उच्चायुक्त म्हणून गेले. त्यांच्यामागे राज्याची सूत्रं कोणाकडे जाणार याबद्दल शंका नव्हती : गृह आणि महसूल सांभाळलेले, दारूबंदीचे कडवे पुरस्कर्ते मोरारजी देसाई. अडचण एकच होती. मोरारजी पडले होते. बलसाड-चिखलीच्या मतदारांनी समाजवादी पक्षाच्या अमुल देसाईंना निवडून दिलं होतं, १९ मतांनी.

एकोणीस मतं! गुजरात-महाराष्ट्रातल्या लाटेत राज्यभर बैलजोडीच्या पेट्या भरल्या, आणि बैलजोडीचा म्होरक्याच एका कोपऱ्यात अडकला. इथे मॅसॅच्युसेट्सची आणखी एक आठवण येते. १८३९ मध्ये गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट हरले. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला, मार्कस मॉर्टन यांना, आवश्यक बहुमताहून एकही मत जास्त नव्हतं, एक कमी पडतं तर निवड अडली असती. एव्हरेटांनी दारूच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यावर सही केली होती, त्याचा राग मतदारांनी काढला असं मानतात. मोरारजींच्या पराभवाला दारूबंदी जबाबदार होती असं म्हणण्याचा मोह होईल. पुरावा नाही, तेव्हा तो आवरलेला बरा. पण फरक बघण्यासारखा आहे. एव्हरेट एका मताने हरले आणि घरी गेले. मोरारजी एकोणीस मतांनी हरले आणि २१ एप्रिल १९५२ ला मुख्यमंत्री झाले.

बेकायदा त्यात काही नव्हतं. विधिमंडळाचा सदस्य नसलेला माणूस सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहू शकतो, असं घटनेचं १६४ वं कलम सांगतं. काँग्रेसच्या आमदारांनी त्यांना नेता निवडलं होतं, आणि पुढे ते अहमदाबादच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आलेही. त्याच महिन्यात मद्रासमध्ये राजाजी निवडणूक न लढवता राज्यपालनियुक्त आमदार होऊन मुख्यमंत्री झाले. तरी एक प्रश्न उरतोच. बलसाड-चिखलीच्या मतदाराने नेमकं काय ठरवलं होतं? त्याच्या हाती फक्त एक आमदार निवडणं होतं. राज्याचा धनी निवडण्याचं मत त्याच्याकडे कधी नव्हतंच. म्हणून त्याने दिलेला नकारही राज्यापर्यंत पोचला नाही.

याच निवडणुकीत डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईतून लोकसभेला पडले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. काही महिन्यांतच मुंबई राज्याच्या आमदारांच्या मतांवर बाबासाहेब राज्यसभेत गेले. एका राज्यात, एका वर्षी, थेट मताने नाकारलेली दोन मोठी माणसं मधल्या दाराने आत आली. एकाच्या बाबतीत आपण नाक मुरडायचं आणि दुसऱ्याच्या बाबतीत सुटकेचा नि:श्वास टाकायचा, हे बरोबर नाही. मधलं दार वाईटच असतं असं नाही. ते कोणासाठी उघडतं हे मतदाराच्या हाती नसतं, एवढंच.

त्यानंतरची गोष्ट मराठी वाचकाला जास्त परिचयाची. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य झालं. मोरारजींना बिनविरोध निवड हवी होती; भाऊसाहेब हिरे उभे राहिल्यावर ते बाजूला झाले आणि यशवंतराव चव्हाणांनी हिऱ्यांना ३३३ विरुद्ध १११ मतांनी हरवलं. राज्याचा मुख्यमंत्री ४४४ माणसांनी निवडला, पण निदान मतं मोजून निवडला. हल्ली ‘सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना’ असा एक ओळीचा ठराव होतो. १ नोव्हेंबरला यशवंतरावांनी शपथ घेतली. चारच महिन्यांत त्यांना संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात लोकांपुढे जावं लागलं. पुण्यातून नानासाहेब गोऱ्यांनी काकासाहेब गाडगिळांसारख्या दिग्गजाला पाडलं. कराडमध्ये यशवंतराव केशवराव पवारांविरुद्ध कसेबसे तरले. ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेसने सत्ता राखली, पण त्या प्रामुख्याने गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर. मुख्यमंत्र्याच्या स्वतःच्या मुलुखाचा कौल त्याच्या पक्षाच्या विरोधात होता. साऱ्या राज्याने थेट कारभारी निवडायचा असता तर १९५७ मध्ये काय झालं असतं, याचा अंदाज करणं मनोरंजक आहे, पण त्या वाटेला हे पुस्तक जात नाही.

सहा महिन्यांच्या त्या कलमाची धाकधूक महाराष्ट्राने २०२० मध्ये पुन्हा अनुभवली. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. करोनाने निवडणुका थांबल्या. मंत्रिमंडळाने एप्रिलमध्ये दोनदा शिफारस करूनही राज्यपालांनी त्यांना आमदार म्हणून नेमलं नाही. अखेर विधान परिषदेची निवडणूक लागली आणि १४ मे रोजी ते बिनविरोध निवडून आले, मुदत संपायला दोन आठवडे असताना. नेमलेला राज्यपाल, आमदारांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि घरात कोंडलेला मतदार. तिघांतला कोणता निर्णय कोणाच्या हाती होता, हे त्या दिवसांत स्वच्छ दिसलं.

या प्रस्तावनेत एक बाजू घेतली आहे, ती सांगून टाकायला हवी. थेट निवडीने सगळं सुरळीत होतं, असं मुळीच नाही. सरपंच एकाचा आणि बॉडी दुसऱ्याची असलेल्या गावात साध्या गटाराच्या ठरावाला किती महिने लागतात, हे सदस्यांना विचारावं. पण तिथे भांडण ग्रामसभेत होतं, चावडीवर होतं, लोकांदेखत होतं. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. नंतर आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि एवढं होऊनही शेवटचा शब्द ग्रामसभेतल्या गुप्त मतदानाचा असतो. ज्यांनी बसवला त्यांनीच उतरवायचा. राज्याच्या कारभाऱ्याला ही अट कधीच लागू झाली नाही. संविधान सभेने १९४९ मध्ये जे सोडून दिलं, त्याची कारणं त्या काळी पटण्यासारखी होती. आज ती तशीच्या तशी उगाळण्यापेक्षा पुन्हा तपासावीत, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे.

वाचकाकडे एक मागणं आहे. १९५२ मध्ये पहिलं मत टाकणारा माणूस आज पंच्याण्णवी ओलांडलेला आहे. मुळशीच्या एखाद्या वाडीत, धरणाच्या काठच्या एखाद्या पुनर्वसित घरात असं कोणी आजोबा-आजी अजून असतील, तर त्यांच्यापाशी बसा. पेट्यांची रांग कशी होती, कागद कोणत्या चित्राच्या पेटीत टाकला, आणि तो टाकताना मनात गावचा उमेदवार होता की मुंबईत बसणारा मुख्यमंत्री, हे विचारा आणि लिहून ठेवा. आकडे सरकारी अहवालात मिळतात. हे उत्तर कुठल्याच अहवालात नाही.